लिनक्सवरील खेळ : द्वारपाल आणि कुलूप



संगणकावरील खेळ ही मुलांची करमणूक, तिचा इतिहास तो काय सांगावयाचा, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. परंतु ज्या युनिक्स नांवाच्या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर लिनक्स रचली गेली, ती प्रणाली पुष्कळ अंशीं एका खेळाच्या निमित्तानेंच जन्मास आली आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन यांनीं ग्रहमालेंत यान फिरविण्याचा एक खेळ रचिला होता. प्रयोगशाळेच्या मोठ्या यंत्रावर तो एकदां खेळावयाचा म्हणजे नुसत्या यंत्राच्या वेळेचेच सुमारें ७५ डॉलर होत. इतका खर्च कोण सोसणार? म्हणून त्यांनीं फारसें वापरांत नसलेलें पीडीपी-७ नांवाचें एक लहान यंत्र हुडकून काढिलें आणि खेळ त्यावर नेला. या खटाटोपांत त्या यंत्राचा जो परिचय झाला, त्याच्याच आधारावर पुढें तेथें युनिक्सची उभारणी झाली.

अशा खेळकर पूर्वजाच्या वंशांत जन्मलेल्या लिनक्सवर मात्र पुढें वीस वर्षांहून अधिक काळ खेळांचा दुष्काळ पडला. तो कां पडला आणि कितपत ओसरला, एवढेंच आजच्या भाषणांत पाहावयाचें आहे.

संगणकांतील सर्व कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कोणत्या कामास किती स्मृति द्यावी, कळफलकावर बोट पडलें तें कोणास कळवावें, हें सारें तिच्याकडे. बहुतेक घरांतून हा कारभार मायक्रोसॉफ्टच्या विंडोजकडे असतो. १९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स प्रसिद्ध केली, आणि १९९२ पासून ती एका विशेष परवान्याखालीं आली. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, हवा तसा बदलावा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देतांना तिचाही मजकूर त्याच अटीवर खुला ठेवावा, असा तो परवाना आहे. या एका अटीमुळें लिनक्स वाढली, आणि खेळांचे कारखानदार तिच्यापासून दूर राहिले तेही बऱ्याच अंशीं ह्याच मोकळेपणामुळें.

आरंभ वाईट नव्हता. १९९३ च्या डिसेंबरांत 'डूम' हा खेळ निघाला आणि त्याच कंपनीच्या डेव्ह टेलर यांनीं १९९४ सालीं तो लिनक्सवर आणिला. १९९७ सालीं कर्त्यांनीं त्याचा मूळ मजकूर जगासमोर ठेविला, तोही लिनक्सवरील आवृत्तीचा; कारण मूळ डॉस आवृत्तींतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता व तो उघडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. स्वतःच्या घराची एक खोली स्वतःसच उघडतां येऊं नये, त्यांतला हा प्रकार!

पुढें १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत लोकी या नांवाची एक कंपनी निघाली. दुसऱ्यांचे गाजलेले खेळ लिनक्सवर आणून डब्यांतून विकावयाचे, हा तिचा धंदा. १९९९ पासून तिनें कांहीं उत्तम खेळ आणिले, पण विक्री झाली नाहीं. लिनक्सच्या हौशी माणसाच्या यंत्रावर बहुधा विंडोजही असे, आणि तेथें तोच खेळ कित्येक महिने आधीं आलेला असे. मग वाट कोण पाहणार? २००२ च्या जानेवारींत कंपनी बंद पडली. मात्र तिच्याकडे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनीं रचिलेलें एसडीएल नांवाचें साधन मागें राहिलें. खेळ आणि प्रणाली यांमधील पुष्कळसें दळणवळण तें सांभाळतें, आणि आजही असंख्य खेळ त्याच्या आधारें चालतात. कारखाना बुडाला, पण त्यांतील हत्यारें गांवाच्या कामीं आलीं.

परंतु लिनक्सवरील खेळांचें खरें दुखणें निराळेंच होतें. खेळांतील चित्रें रंगविण्यासाठीं संगणकांत ग्राफिक्स कार्ड नांवाचा एक बलाढ्य भाग असतो. त्याला हत्ती समजा. हत्ती कितीही बलवान असला, तरी त्याच्या खुणा ठाऊक असलेला माहूत नसेल, तर त्याच्याकडून काम कसें घ्यावें? हा माहूत म्हणजे ड्रायव्हर नांवाची आज्ञावली. विंडोजसाठीं कार्डांचे कारखानदार माहूत स्वतः पुरवीत. लिनक्ससाठीं ते माहूतही नीटसा देईनात आणि खुणाही सांगेनात. एनव्हिडिया कंपनीनें ड्रायव्हर दिला खरा, पण तो मोहोरबंद. लिनक्सचा गाभा तर वरचेवर बदलणारा. त्यामुळें गाभ्याची नवी आवृत्ति आली कीं ह्या मोहोरबंद माहुताशीं तिचें बिनसे, आणि पडदा काळा होई. कांहीं स्वयंसेवकांनीं 'नूवो' या नांवाखालीं कार्डाचें वर्तन बाहेरून निरखून निरखून त्याच्या खुणा शोधिल्या. हें काम किती चिकाटीचें, याची कल्पना यावी म्हणून सांगतों : ज्या भाषेचें व्याकरण नाहीं, कोश नाहीं, आणि बोलणारा एकही मनुष्य समजावून सांगावयास तयार नाहीं, ती केवळ कान देऊन शिकण्यासारखें तें आहे.

ए.एम.डी. कंपनीनें २००६ सालीं एटीआय हा कार्डांचा कारखाना विकत घेतला, आणि २००७ सालीं खुणांचीं कागदपत्रें प्रसिद्ध करण्याचा निर्णय जाहीर केला. माझ्या मतें ह्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाची तारीख हीच. पण त्या वेळीं तिचा गाजावाजा फार थोडा झाला. गाजली ती २०१२ सालची गोष्ट. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांतील सभेंत एनव्हिडियाचा विषय निघतांच टोरवाल्ड्स यांनीं चित्रग्राहकाकडे पाहून जी खूण केली व जे शब्द उच्चारिले, ते ह्या ध्वनिक्षेपकावर सांगण्याजोगे नाहींत. एनव्हिडियानें ड्रायव्हरचा गाभ्यांत बसणारा भाग खुला केला, तो २०२२ च्या मे महिन्यांत. बाकीचा मोठा भाग तेव्हांही बंदच राहिला.

आतां एका शब्दाची गंमत सांगतों. लिनक्सच्या गाभ्यांत 'डीआरएम' नांवाचा एक विभाग आहे. तें 'डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर' याचें संक्षिप्त रूप. एकाच कार्डावर अनेक आज्ञावलींना काम करावयाचें असतें. कोणी कोणाच्या अंगावर पडूं नये, प्रत्येकास आपली पाळी मिळावी, हें पाहणारा हा द्वारपाल. लिनक्सबाहेरच्या जगांत मात्र 'डीआरएम' म्हणजे 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट', अर्थात् विकत घेतलेल्या वस्तूवर विकणाऱ्यानें ठेविलेलें कुलूप. तींच तीन अक्षरें, पण एक आंत सोडण्याची व्यवस्था पाहतो आणि दुसरें अडवण्याची!

ह्या कुलुपाशीं लिनक्सची गांठ आधीं पडली ती चित्रपटांच्या बाबतींत. डीव्हीडीच्या तबकड्या कुलूपबंद असत, आणि लिनक्सवर त्या दाखवील असें अधिकृत साधन बाजारांत नव्हतें. १९९९ सालीं नॉर्वेमधील योन लेक योहान्सेन या १५ वर्षांच्या मुलानें इतरांच्या साहाय्यानें तें कुलूप उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. त्याजवर खटला झाला. आपण विकत घेतलेली तबकडी आपल्या यंत्रावर पाहणें हा अपराध कसा, असा त्याचा बचाव होता, आणि २००३ सालीं दोन्ही न्यायालयांनीं त्याला निर्दोष ठरविलें.

खेळांचीं कुलुपें याहून त्रासदायक. सेफडिस्क नांवाचें कुलूप विंडोजच्या थेट गाभ्यांत आपला ड्रायव्हर घुसवीत असे. २०१५ सालीं विंडोजची दहावी आवृत्ति निघाली, तेव्हां हा ड्रायव्हर म्हणजे चोरांना मोकळें दार आहे असें ठरवून मायक्रोसॉफ्टनें त्याला घराबाहेर काढिलें. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळें लोकांनीं रोख पैसे देऊन घेतलेल्या, कपाटांत जपून ठेविलेल्या कित्येक तबकड्या त्या नव्या विंडोजवर चालेनाशा झाल्या.

इकडे १९९३ पासून वाइन नांवाचा एक उद्योग चालू होता. विंडोजसाठीं लिहिलेली आज्ञावली जें मागते, तें लिनक्सला तिच्या बोलींत सांगावयाचें, अशी ही दुभाष्याची चाकरी. तिची पहिली पूर्ण आवृत्ति निघावयास २००८ साल उजाडलें, पंधरा वर्षें! आधुनिक खेळांचीं चित्रें मात्र ह्या दुभाष्यासही नीट सांगतां येत नव्हतीं. पुढें फिलिप रेबोले या एका हौशी माणसास एक जपानी खेळ लिनक्सवर खेळण्याची इच्छा झाली, आणि त्यानें डीएक्सव्हीके नांवाचा चित्रांपुरता दुभाषी स्वतःच रचावयास घेतला. २०१८ सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें त्याला कामावर घेतलें.

व्हॉल्व्ह म्हणजे स्टीम या खेळांच्या प्रचंड दुकानाची मालक. तिचे प्रमुख गेब न्यूएल पूर्वीं मायक्रोसॉफ्टमध्येंच होते. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्ट स्वतःचें दुकान विंडोजच्या आंतच थाटूं लागली, तेव्हां परक्याच्या अंगणांत आपली पेढी किती दिवस टिकणार, हा प्रश्न त्यांस पडला असल्यास नवल नाहीं. त्याच वर्षीं कंपनीनें आपला एक खेळ लिनक्सवर आणून मोजला. विंडोजवर सेकंदास २७०.६ चित्रें उमटत, तेथें लिनक्सवर ३१५ उमटलीं. २०१३ च्या फेब्रुवारींत स्टीम लिनक्सवर आलें. २०१५ सालचीं त्यांचीं खेळयंत्रें सपशेल पडलीं, परंतु २०१८ च्या ऑगस्टांत वाइन व डीएक्सव्हीके यांच्या पायावर उभारलेलें प्रोटॉन आलें, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत स्टीम डेक हें हातांत धरावयाचें यंत्र. तें घेणाऱ्या पुष्कळांना आपण लिनक्स वापरीत आहों हें ठाऊकही नसतें.

मग अडलें कोठें? माहुताचा प्रश्न बराचसा सुटला. कुलुपाचा सुटला नाहीं. अनेकांनीं मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी होऊं नये म्हणून जे पहारेकरी ठेवितात, त्यांतले कांहीं विंडोजच्या गाभ्यांतच ठाण मांडतात. २०२१ सालीं दोन प्रमुख पहारेकऱ्यांनीं प्रोटॉनला मुभा दिली, पण ती घ्यावयाची कीं नाहीं हें प्रत्येक खेळाच्या मालकाच्या मर्जीवर राहिलें. २०२४ सालीं 'लीग ऑफ लेजंड्स' ह्या खेळानें नवा पहारेकरी आणिला आणि लिनक्सवाल्यांस दार लागलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरअखेर 'एपेक्स लेजंड्स'नें पूर्वीं दिलेला प्रवेश काढून घेतला. मालकांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. ज्या घरांत राहणाराच भिंती हलवूं शकतो, तेथें पहारेकऱ्यानें कशावर भरंवसा ठेवावा? पण मग घर कोणाचें, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

आणि ज्या दुकानानें लिनक्सवर खेळ आणिले, त्याच्याही पुष्कळ मालाला त्याचें स्वतःचें कुलूप आहेच. २०२४ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियानें एक कायदा केला : विकणाऱ्यास 'खरेदी' हा शब्द वापरावयाचा असेल, तर ग्राहकाच्या पदरीं केवळ परवाना पडतो हें त्यानें स्पष्ट सांगावें, जी वस्तु कायमची उतरवून घेऊन जाळ्याशिवाय वापरतां येते, तिला ही अट नाहीं. ऑक्टोबरपासून स्टीमच्या दुकानांत पैसे भरण्याच्या जागीं तशी एक ओळ दिसूं लागली. ती विंडोजवाल्यांस आणि लिनक्सवाल्यांस सारखीच वाचावी लागते.