पळणारी गाडी आणि पोचणारी गाडी

गेल्या आठवड्यात बर्मिंगहॅमहून पुतण्याचा फोन आला. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही, एकदम म्हणाला, "काका, हरलो मी. गाडी परत उंच केली."

मी म्हटलं, "अरे, हरलास नाही, शहाणा झालास." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो. कारण हा वाद आमच्यात चार महिने चालला होता, आणि त्याचं मूळ थेट १९६८ सालात, धुळ्याच्या आग्रा रोडवर होतं.

आधी गाडीविषयी सांगतो. पुतण्याकडे १९७२ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी स्पोर्ट्स कार. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात या गाड्या तयार झाल्या. मोनोकॉक बांधणी, म्हणजे खाली वेगळी चासी नाही, अंगाचा पत्राच सगळं वजन पेलतो. इंजिन १८०० सीसीचं, साधं, दणकट. पण पुतण्याच्या गाडीच्या आधीच्या मालकाला शर्यतीची हौस. त्याने स्प्रिंगा कापून गाडी दोन इंच खाली आणलेली, एसयूचे दोन कार्बोरेटर काढून वेबरचा एक मोठा बसवलेला, कॅमशाफ्ट बदललेला, सायलेन्सर तर असा की गल्लीत शिरली की कुत्री भुंकायला लागावीत! आणि ही गाडी घेऊन पुतण्याला इस्तंबूलला जायचंय. जाऊन येऊन सुमारे सात हजार किलोमीटर.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही इतिहासाचे मास्तर, आयुष्यभर सायकलच्या पुढे गेला नाहीत, तुम्हाला यातलं काय कळतं? खरंय. मला गाडीतलं काही कळत नाही. पण माझ्या दादाला कळायचं. तो धुळ्याला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होता. हा पुतण्या म्हणजे दादाचाच मुलगा.

१९६८ साली मी कॉलेजात होतो. नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस. गावात बातमी पसरली की लंडनहून निघालेल्या मोटारी मुंबईला जाताना आपल्या रस्त्याने जाणार. लंडन ते सिडनी मॅरेथॉन! आदल्या वर्षी, १९६७ च्या नोव्हेंबरात, पौंडाचं अवमूल्यन झालं होतं आणि ब्रिटनमध्ये मरगळ आली होती. देशाची मान पुन्हा वर व्हावी, ब्रिटिश मोटारींचा बोलबाला व्हावा, म्हणून 'डेली एक्सप्रेस' या वर्तमानपत्राने ही स्पर्धा काढली. पहिलं बक्षीस दहा हजार पौंड. २४ नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोरवरून दिल्ली आणि मग आमच्या आग्रा रोडने मुंबई. तिथून 'चुसान' नावाच्या बोटीने ऑस्ट्रेलिया, आणि पर्थपासून सिडनीपर्यंत पुन्हा रस्ता. एकूण सोळा हजार किलोमीटरच्या आसपास.

दादा आणि मी पांझरेच्या पुलाजवळ उभे होतो. माणसांची ही गर्दी! झाडांवर पोरं, बैलगाड्यांवर बाया. गाड्या येत होत्या एकेक करून, मध्ये बराच वेळ जायचा. धुळीने सगळ्यांचे रंग एकच झालेले. त्यातली एक पेट्रोल भरायला थांबली. लोक ड्रायव्हरला बघायला धावले. माझा दादा मात्र धोतर सावरून बसावं तसा उकिडवा बसला आणि गाडीच्या खाली बघू लागला. मला लाज वाटली. ड्रायव्हर मात्र हसला आणि त्याने दादाला बघू दिलं.

गाडी गेल्यावर दादा म्हणाला, "चेंबरच्या खाली अख्खा जाड पत्रा ठोकलाय. ब्रेकच्या नळ्या बाहेरून नेल्या नाहीत. नट सुटू नयेत म्हणून तारेने बांधलेत. ही गाडी पळायला नाही, पोचायला तयार केलीय." आणि मग जे म्हणाला ते मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो, "पळणारी गाडी वेगळी आणि पोचणारी गाडी वेगळी."

पुढे निवृत्तीनंतर मी या स्पर्धेविषयी हाताला लागेल ते वाचलं. वाचताना दादाचं वाक्य पानोपानी खरं होताना दिसलं.

या स्पर्धेत १९३० सालची आठ लिटर इंजिनाची एक बेंटली उतरली होती. म्हणजे तेव्हाच अडतीस वर्षांची म्हातारी. या जातीच्या गाड्या तयार झाल्या सगळ्या मिळून शंभर. रुबाब काय वर्णावा! पण तुर्कस्तानातच तिचा प्रवास आटोपला. दुसरीकडे पोर्शे ९११ होत्या, अस्सल स्पोर्ट्स गाड्या. पण त्यांची फोटोतली रूपं बघा! ऑस्ट्रेलियात रात्री कांगारू आडवे येतात म्हणून पुढे जाड नळ्यांचा पिंजरा. सुंदर गाडीच्या तोंडाला मुंगसं बांधल्यासारखं दिसतं. पण पोलंडचा झसादा तशी पोर्शे घेऊन चौथा आला. रूप गेलं, पण गाडी पोचली. पुतण्याच्या गाडीची बहीण, म्हणजे एक एमजीबीसुद्धा होती. जीन डेंटन नावाची बाई ती चालवत होती. पुढे हीच बाई ब्रिटनमध्ये मंत्री झाली.

मुंबईपर्यंत सगळ्यांत पुढे होता रॉजर क्लार्क, लोटस कॉर्टिनामध्ये. वेगवान, नाजूक इंजिन. ऑस्ट्रेलियात ते इंजिन बिघडलं. सोबतच्या दुसऱ्या कॉर्टिनाचे भाग काढून ते दुरुस्त केलं, तर पुढे डिफरन्शिअल गेलं. शेवटी रस्त्यात एका गृहस्थाची कॉर्टिना दिसली, तर त्याला गळ घालून त्याच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल विकत घेतला! एवढी यातायात करून दहावा आला. क्लार्कच्या कौशल्यात काही कमी नव्हती. जो भाग सगळ्यांत वेगासाठी बनवला होता, तोच सगळ्यांत आधी थकला.

आणि जिंकलं कोण? अँड्र्यू कोवान, हिलमन हंटरमध्ये. हंटर म्हणजे चार माणसांची, बाजारहाटाला जायची घरगुती गाडी. तयारीला पैसा बेताचाच होता. तिची एक गंमत अशी की हीच गाडी १९६७ पासून इराणमध्ये 'पैकान' या नावाने तयार होऊ लागली होती आणि २००५ पर्यंत होत राहिली. म्हणजे तेहरानमधून जाताना कोवानच्या गाडीला तिची धाकटी भावंडं भेटली असतील.

खरं तर कोवान जिंकला तो दैवानेही. शेवटच्या दिवशी लुसियाँ बियांकीची सित्रोन सर्वांत पुढे होती. सिडनी दीडशे किलोमीटरवर आलं असताना तिची समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली. बियांकी तेव्हा बाजूच्या सीटवर झोपला होता, जबर जखमी झाला. मागून आलेला पॅडी हॉपकर्क तिथे थांबला, मदतीला धावला आणि दुसरा आला. ९८ पैकी ५६ गाड्या सिडनीला पोचल्या. मला हॉपकर्कचं थांबणं कोवानच्या जिंकण्याइतकंच मोठं वाटतं.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर १९०७ चं पेकिंग ते पॅरिस घ्या. पाच गाड्या निघाल्या. इटलीचा प्रिन्स बोर्गेझे 'इताला' नावाची गाडी घेऊन जिंकला. त्याची तयारी कशी होती? निघण्याआधी तो घोड्यावर बसून डोंगरातल्या वाटा बघून आला. हातात एक बांबू, बरोबर गाडीच्या रुंदीएवढा कापलेला. अरुंद खिंडीत बांबू आडवा धरायचा, गेला तर गाडी जाईल! पुढे रशियात गाडीचं लाकडी चाक मोडलं तेव्हा ते एका खेडुताने कुऱ्हाडीने तासून नवं करून दिलं. आजच्या किती गाड्यांचं चाक खेड्यातला सुतार करून देईल? जी वस्तू वाटेतल्या माणसाला दुरुस्त करता येते, तीच लांबच्या प्रवासाला न्यावी, हा त्यातला धडा.

हे सगळं मी पुतण्याला फोनवर ऐकवत होतो. तो इंजिनिअर. म्हणायचा, "काका, तेव्हाचे रस्ते वेगळे होते. आता इस्तंबूलपर्यंत हायवे आहे. आणि मी या इंजिनावर केवढा खर्च केलाय!" एकदा तर चिडून म्हणाला, "तुम्हाला गाडी चालवता तरी येते का?" मी गप्प बसलो. काय बोलणार, येत नाही हे खरंच आहे.

मग मार्चमध्ये त्याने सरावासाठी वेल्समध्ये एक फेरी मारली. तिकडे गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी गजांची जाळी असते. त्या जाळीवर गाडीचा सायलेन्सर आपटून निखळला. पावसात दोन तास रस्त्याच्या कडेला उभा होता. मोठा कार्बोरेटर चढावर गुरगुरत होता तो वेगळाच. वाटेतल्या छोट्या गॅरेजवाल्याने हात वर केले. कारण ते सामान मूळ गाडीचं नव्हतं, त्याची मापं त्याच्याकडे नव्हती.

तेव्हापासून त्याने एकेक गोष्ट उलटी फिरवायला घेतली. मूळ उंचीच्या स्प्रिंगा आल्या, मागचे पाटे नवे आले. एसयूचे दोन कार्बोरेटर परत बसले, ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रस्त्यात जुळवता येतात. चेंबरखाली जाड पत्रा आला. पाण्याचे सगळे होज पाइप, फॅनबेल्ट, चाकांचे बेअरिंग नवे. सुट्या सामानात वॉटर पंप, प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि एक पेट्रोल पंप. एमजीबीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या बाजूला असतो आणि तो रुसला की हलकेच ठोकला तर पुन्हा चालू होतो म्हणे. वेग थोडा कमी झाला. "काका, मजा थोडी गेली," असंही त्याने प्रांजळपणे सांगितलं. मी नाही म्हटलं नाही. जाते तर जाते. तयारी म्हणजे शेवटी आपल्याकडे असलेल्या वेगातला काही भाग आपण होऊन सोडून देणं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. इस्तंबूलच का? कारण त्याला खरं तर धुळ्याला यायचं होतं. त्या दिवशी पुलावरून परतताना दादा म्हणाला होता, "एकदा आपण उलटं जाऊ. धुळ्याहून लंडन." तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं तरी अशक्य नव्हतं. ६५ चं युद्ध होऊन तीनच वर्षं झाली होती, तरी सीमेवरून मोटारी येत होत्या. अफगाणिस्तानातला काबूल-कंदाहार रस्ता अमेरिकेने बांधला होता आणि कंदाहार-हेरात रशियाने! दोन वैऱ्यांनी बांधलेल्या एकाच रस्त्यावरून हिप्पी लोक बसमधून भारतात यायचे. मग १९७९ साल आलं. वर्षाच्या सुरुवातीला इराणात क्रांती आणि शेवटी अफगाणिस्तानात रशियन फौजा. तो रस्ता पुन्हा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. गाडी गॅरेजमध्ये तयार करता येते, रस्ता नाही.

दादा गेला २०११ साली. मुंबईच्या पलीकडे त्याने फक्त पंढरपूर पाहिलं. संसार, डेपो, ओव्हरटाइम, दोन बहिणींची लग्नं. त्यात माझं कॉलेजही आलं, ज्याची फी त्याने भरली. पळायची ताकद त्याच्यातही होती. त्याने ती सोडून दिली म्हणून आम्ही सगळे पोचलो. हे मला त्याच्यासमोर कधी बोलता आलं नाही.

परवाच्या फोनमध्ये शेवटी पुतण्या म्हणाला, "काका, बाबांची पान्यांची पिशवी अजून आहे का हो?" आहे. वहिनींनी माळ्यावर जपून ठेवली आहे. एमजीबीचे नट-बोल्ट सगळे इंची मापाचे, मिलिमीटरचे पाने लागत नाहीत. दादाचे जुने पाने इंचीच आहेत. अर्धा इंच, नऊ सोळांश, सगळे. पुढच्या आठवड्यात इथून एक ओळखीचे बर्मिंगहॅमला जात आहेत, त्यांच्या सामानात देतो आहे. वजन चार किलो भरलं. त्यांच्या लोणच्याच्या दोन बरण्या कमी कराव्या लागल्या, त्याबद्दल त्यांची माफी मागितली.

पाने पाठवण्याआधी मी रॉकेलने पुसले. अर्ध्या इंचाच्या पान्यावर दादाने खिळ्याने स्वतःचं आद्याक्षर कोरलेलं आहे, डेपोत कुणी उचलू नये म्हणून. ते तसंच ठेवलं.