पराभवानंतरचे दगड : क्रिकेटवेडा प्रेक्षक आणि अजित वाडेकर

प्रस्तावना :

भारतीय क्रिकेटच्या इतिहासलेखनात खेळाडूंच्या पराक्रमाची नोंद विपुल आढळते. प्रेक्षकांच्या वर्तनाची नोंद त्या मानाने अल्प आहे. संघ हरल्यावर खेळाडूंच्या घरांवर दगडफेक करणे, प्रतिमा जाळणे, मैदानात बाटल्या फेकणे हे प्रकार दूरदर्शनच्या प्रसारानंतरचे मानण्याकडे सर्वसाधारण कल आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. प्रस्तुत लेखात मुंबईतील १९७४ सालच्या घटनेच्या आधारे या वर्तनाच्या उगमाचा विचार केला आहे.

मैदानातील क्षोभ :

नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत भारत पराभवाच्या छायेत असताना वेंकटराघवन यास यष्टीमागे झेलबाद ठरविण्यात आले. दुसऱ्या टोकाला अजित वाडेकर खेळत होते. आकाशवाणीच्या समालोचकाने हा निर्णय चुकीचा असल्याचे मत व्यक्त केले आणि कानाशी ट्रान्झिस्टर लावून बसलेल्या प्रेक्षकांत ते क्षणार्धात पसरले. खुर्च्या पेटल्या, बाटल्या फेकल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाने सामना आठ गडी राखून जिंकला. समोर घडणाऱ्या खेळाबद्दलचे प्रेक्षकांचे मत त्यांच्या डोळ्यांपेक्षा कानांनी बनविले, ही बाब येथे लक्षणीय आहे.

तथापि या दंगलीला तात्कालिक कारण होते. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवरील पहिल्याच कसोटीत झालेल्या दंगलीचेही तसेच. तेथे तर पराभवाचा प्रश्नच नव्हता. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइड यांचे द्विशतक झाल्यावर त्यांचे अभिनंदन करण्यास मैदानात धावलेल्या तरुणाला पोलिसांनी मारहाण केली आणि प्रेक्षक खवळले. परक्या संघाच्या कर्णधाराचे कौतुक करणाऱ्याची बाजू घेऊन उसळलेली ही दंगल अखिलाडूवृत्तीची म्हणावी की काय, असा प्रश्न पडतो!

१९७४ : मैदानाबाहेर :

या दोन घटनांच्या दरम्यान जे घडले त्याचे स्वरूप मात्र सर्वस्वी भिन्न होते. १९७१ मध्ये वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने प्रथम वेस्ट इंडिजमध्ये आणि नंतर २४ ऑगस्ट रोजी ओव्हलवर विजय मिळवून इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. परतलेल्या संघाची मुंबईत उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली. इंदूरमध्ये या विजयाप्रीत्यर्थ सिमेंट काँक्रीटची प्रचंड बॅट उभारण्यात आली. १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला पुन्हा हरवून वाडेकरांनी सलग तिसरी मालिका जिंकली. बँकेत नोकरी करून क्रिकेट खेळणारा दादरचा हा मितभाषी गृहस्थ राष्ट्राच्या अस्मितेचे प्रतीक बनला होता.

१९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये भारत तिन्ही कसोटी हरला. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ धावा केल्या, परंतु दुसऱ्या डावात अवघ्या १७ षटकांत, सुमारे सव्वा तासात, ४२ धावांत संघ गारद झाला. ढगाळ, दमट हवेत ओल्ड आणि अर्नॉल्ड यांचा चेंडू विलक्षण वळत होता आणि जखमी चंद्रशेखर फलंदाजीस येऊ शकले नाहीत. एकनाथ सोलकर नाबाद १८ ही त्या डावातील सर्वोच्च धावसंख्या. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावांत डाव आटोपेपर्यंत ४२ हाच भारताचा नीचांक होता.

ही कारणे जाणण्याचे साधन सामान्य चाहत्याकडे नव्हते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले असले तरी लॉर्ड्सचा तो डाव भारतात कोणी पडद्यावर पाहिला नाही. दादर असो वा वरणगाव-भुसावळ, सर्वांपर्यंत पोहोचला तो एक आकडा : ४२. वाडेकरांच्या मुंबईतील घरावर दगडफेक झाली. इंदूरच्या त्या बॅटला काळे फासण्यात आले.

येथे पंचाचा निर्णय नव्हता, पोलिसांची लाठी नव्हती, गर्दीचा आवेगही नव्हता. सामना हजारो मैल दूर आणि कधीच संपलेला. दगड मारायचा तर घर शोधत जावे लागत होते. १९७१ चा विजय ज्या समाजाने सामूहिक म्हणून स्वीकारला त्याच समाजाने १९७४ चा पराभव एका व्यक्तीच्या नावे मांडला. मिरवणूक आणि दगडफेक या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत होती : कर्णधार हा खेळाडू नसून राष्ट्राचा मुखत्यार आहे. बॅटचे स्मारक उभारले गेले तेव्हाच तिला काळे फासण्याची सोय झाली होती.

दगड मारणाऱ्यांवर सर्व दोष टाकणे सोपे आहे. परंतु जमावाचा निवाडा संस्थेनेही उचलून धरला, याची चर्चा क्वचितच होते. दौऱ्यानंतर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. ३७ कसोटींत २११३ धावा करणाऱ्या, तीन मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधाराला विभागीय संघातही स्थान नसावे, याचे क्रीडाविषयक समर्थन करणे अवघड आहे. निवड समितीच्या हातात दगड नव्हता, इतकाच फरक.

ईडन गार्डन्स, १३ मार्च १९९६ :

विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना १ बाद ९८ वरून भारताची ८ बाद १२० अशी घसरगुंडी झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, प्रेक्षागारात आगी लावल्या. सामनाधिकाऱ्यांनी खेळाडूंना आत बोलाविले. काही वेळाने खेळ सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तो फसला आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत परतला. ते सामनाधिकारी होते क्लाइव्ह लॉइड. आणि भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून त्या संध्याकाळी पॅव्हेलियनमध्ये होते अजित वाडेकर.