ओ-टू लावलं, तरी गाडी मिरजेतच!

परवा शनिवारी मिरजेला मामाकडे गेलो होतो. मामेभावाची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, रिपोर्ट काढायचा प्रोग्राम मीच कधीतरी सी मध्ये लिहून दिलेला. "दादा, एका रिपोर्टला ४० सेकंद लागतात. पेशंट ताटकळत बसतात रे, जरा पळव की ह्याला." मी फुशारकीत कंपायलरला ‘ओ-टू’ लावलं. ४० चे ३९ झाले. भाऊ काही बोलला नाही, चहा सांगितला.

ही फुशारकी तशी जुनी. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकसच्या टीमनं फोरट्रान आणलं, तेव्हा यंत्रानं बनवलेला कोड हातानं लिहिलेल्या कोडच्या तोडीचा असेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. म्हणून त्या कंपायलरमध्ये पहिल्यापासूनच ऑप्टिमायझेशनवर जीव काढला होता. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ढमढेरे सरांनी (हो, तेच! ज्यांचं सिस्टम्स प्रोग्रॅमिंगचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री आपण उघडायचो) तेच ते गणित प्रोग्रामनं पुन्हा करू नये, यावर १९८० आणि ९० च्या दशकांत नावाजलेलं काम केलं.

पण गणितात वेळ जात असेल तरच याचा उपयोग. १९७१ साली डोनाल्ड नुथनं रोजच्या वापरातले फोरट्रान प्रोग्राम गोळा करून मोजमाप छापलं. ४ टक्क्यांहून कमी कोडमध्ये निम्म्याहून जास्त वेळ जात होता! बाकीचा कोड कितीही घासा, फरक नावालाच.

मिरजकरांना हे वेगळं सांगायला नको. पुण्याकडे ब्रॉडगेज, लोंढ्याकडे मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज, अशी तिन्ही रुळांची गाठ एकेकाळी याच स्टेशनात होती. एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा. तिथे इंजिन बदलून काय होणार?

चहा पिता पिता मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. ‘टाइम’ लावून प्रोग्राम चालवला. एकूण ४० सेकंद, त्यात प्रोसेसरचे जेमतेम २. म्हणजे कंपायलरनं माझा सगळा कोड फुकटात चालवला असता, तरी ३८ राहिलेच असते. उरलेला वेळ डिस्कची वाट बघण्यात. प्रत्येक चाचणीसाठी मी पेशंटची अख्खी फाईल नव्यानं उघडून वाचत होतो! कोणताही कंपायलर ही चूक निस्तरत नाही, फाईल किती वेळा वाचायची ते मीच लिहिलेलं ना.

फाईल एकदाच वाचायला लावली. रिपोर्ट ३ सेकंदांत. ‘ओ-टू’ तसंच ठेवलंय, त्याचा काही त्रास नाही.

"एवढंच होतं होय?" भाऊ म्हणाला. चहाचे पैसे मी दिले.