पित्ताशयातले खडे आणि 'तेलकट बंद'चा इतिहास

आजचा विषय पोटाचा. घाटकोपरच्या खाऊगल्लीत पावभाजीवर बटर वितळत असतं आणि ग्रुपमधला एकजण म्हणतो, "मला नको रे, पित्ताशयात खडे निघालेत." हे 'तेलकट-तुपकट बंद' नक्की काय करतं, ते आज पाहू.

आधी मराठीतला एक घोळ. 'पित्त झालं' म्हणताना आपल्याला ॲसिडिटी म्हणायची असते. पित्ताशयातलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं आणि चरबी पचवायला लागतं. पण शब्द एकच, म्हणून लोक पित्ताशयाच्या कळेवरही थंड दूध पितात. दूध सायीचं असेल तर उलट चरबीच पोटात जाते! दुसरा घोळ मूतखड्याचा. टोमॅटो-पालक बंद, कुळथाचं पाणी सुरू. अहो, या खड्यांची वाट लघवीची नाहीच. ते बहुतेक कोलेस्टेरॉलचे असतात आणि पाण्याने वाहून जात नाहीत.

जड जेवलं की कळ येते, हे अनुभवाने ठाऊक होतं. त्यामागचं कारण १९२८ मध्ये शिकागोत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांच्या कामातून पुढे आलं. चरबी आतड्यात पोचली की तिथून एक संप्रेरक सुटतं, त्याला त्यांनी नाव दिलं कोलेसिस्टोकायनिन. ते पित्ताशयाला सांगतं, आकुंचन पाव. तोंडाशी खडा अडकला असेल तर उजव्या बरगडीखाली कळ, कधी थेट खांद्यापर्यंत. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत चरबी हा ट्रिगर. पथ्याने ट्रिगर कमी होतो, खडा आहे तिथेच राहतो.

खड्यांचं ठिकाणच काढून टाकायचं धाडस केलं बर्लिनच्या कार्ल लांगेनबूख यांनी, १५ जुलै १८८२ रोजी. त्यांचं म्हणणं असं की नुसते खडे काढून उपयोग नाही, पित्ताशय ते पुन्हा बनवणारच. पण पुढची शंभर वर्षं हे ऑपरेशन म्हणजे पोटावर मोठा छेद आणि कित्येक दिवसांची विश्रांती. रोज लोकल पकडणाऱ्या माणसाला ते कसं परवडणार? मग फोडणीत तेल कमी करून वर्षानुवर्षं ढकलायचं. मला यात भित्रेपणा दिसत नाही, तो साधा हिशोब होता.

हिशोब बदलला दुर्बिणीने. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांना उभंही केलं नाही. आपल्याकडे डॉ. तेहमटन उडवाडिया १९७२ पासून जे.जे.मध्ये दुर्बिणीने पोटात डोकावत होते, तेही मुख्यतः निदानासाठी. १९९० मध्ये त्यांनी भारतातली अशी पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, तीही जे.जे.मध्येच. म्हणजे भायखळ्याच्या एका सरकारी रुग्णालयात! मुलुंडहून सेंट्रलची लोकल धरली की पोचता येईल अशा ठिकाणी.

तेव्हापासून पथ्याची जागा बदलली. कळ येत असेल तर ऑपरेशनची तारीख येईपर्यंत ते कामाचं: साय काढलेलं दूध, भाजीला मोजून चमचाभर तेल, फरसाणाऐवजी कोरडा खाखरा. मात्र चरबी शून्यावर आणून झपाट्याने वजन उतरवायला जाऊ नका. पित्ताशय रिकामंच होत नाही, पित्त साचतं आणि नवे खडे तयार होऊ शकतात. सोनोग्राफीत सहज दिसलेले, कधीच न दुखलेले खडे मात्र बहुतेकांना आयुष्यभर गप्प राहतात. ताप, डोळे पिवळे किंवा न थांबणारी कळ असेल, तर पथ्य करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आणि ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी: पित्ताशय नसलं तरी यकृत पित्त बनवतच राहतं, ते थेट आतड्यात झिरपतं. सुरुवातीला काहींना जड जेवणाने जुलाब होतात, पण बहुतेकांना कायमचं पथ्य लागत नाही. तरीही घरोघरी लोक दहा-दहा वर्षं कोरडी पोळी खात बसलेत.