आगगाडीनें युरोप : एक जुनी वाट

जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत पिंपळगांव रेणुकाई नांवाचें गांव आहे. हिरव्या मिरचीच्या बाजारासाठीं तें प्रसिद्ध असून हंगामांत येथील माल दूरदूरच्या प्रांतांत जातो. तो जातो मात्र मोटारीनें. कारण गांवास आगगाडी नाहीं. ज्यास गाडी धरावयाची असेल त्यास प्रथम जालन्याचें स्टेशन गांठावें लागतें. अशा गांवचीं मुलें आज पुण्या-मुंबईस नोकऱ्या करतात, आणि सुटी साधून आईवडिलांसह आठ-दहा दिवसांत युरोपांतील चार-पांच शहरें आगगाडीनें पाहून यावीं, असा बेत अशा घरांतूनही होऊं लागला आहे. नकाशावर बोट फिरवीत ब्रसेल्स, म्युनिक, इन्सब्रुक, फ्लॉरेन्स हीं नांवें एका माळेंत ओवणें मोठें सोपें असतें. बहुतेक ह्याच वाटेनें दीडशें वर्षांपूर्वीं एक वीस वर्षांचा मराठी राजा गेला होता. तो परत आला नाहीं.

हा राजा म्हणजे कोल्हापूरचे छत्रपति दुसरे राजाराममहाराज. त्यांचा जन्म १८५० सालचा; १८६६ सालीं ते दत्तक म्हणून गादीवर आले. त्यांच्या राजधानीसही त्या वेळीं आगगाडी नव्हती. कोल्हापुरास रूळ पोंचले ते १८९१ सालीं. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानण्याचा तो काळ. तरीही १८७० सालीं महाराज विलायतेस गेले. विलायतेस गेलेल्या अगदीं आरंभींच्या सत्ताधारी हिंदु राजांमध्यें त्यांची गणना होते. कोल्हापूरच्या पोलिटिकल खात्यांतील कॅप्टन वेस्ट हे बरोबर होते. प्रवासांत महाराज इंग्रजींत रोजनिशी लिहीत असत. ती पुढें वेस्टसाहेबांनीं १८७२ सालीं लंडनमध्यें छापून प्रसिद्ध केली. हिंदी राजानें स्वतः लिहिलेली, इतक्या जुन्या काळची युरोपच्या प्रवासाची अशी नोंद क्वचितच सांपडते.

विलायतेंतील मुक्काम सुखाचा झाला. बेत बिघडला तो त्या देशाबाहेर. १९ जुलै १८७० रोजीं फ्रान्सनें प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलें. दोन महिन्यांच्या आंत, १९ सप्टेंबरला, पॅरिस शहरास वेढा पडला. त्या काळीं लंडनहून हिंदुस्थानाकडे येणारा प्रवासी साधारणतः फ्रान्समधून आल्प्स ओलांडून इटलीच्या टोंकास ब्रिंडिसी बंदरांत येई व तेथें बोट धरी. ती नेहमींची वाट आतां बंद झाली. तेव्हां परतीचा प्रवास बेल्जियम, जर्मनी आणि टायरोल असा वळसा घेऊन ठरला. हा वळसा शक्य होता, कारण आल्प्समधील ब्रेनर खिंडीवरून आगगाडीचा मार्ग १८६७ सालींच खुला झाला होता. समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंचीवरून ती गाडी जाते. खिंडीच्या माथ्याखालून लांब बोगदा खणण्याऐवजीं रूळ सरळ माथ्यावरूनच नेलेले आहेत. नोव्हेंबर महिन्यांत दख्खनच्या माणसानें ती चढण चढणें म्हणजे काय, ह्याची कल्पना नकाशावरून येत नाहीं.

येथें त्या काळच्या गाड्यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण आज फलाटावर उभ्या राहणाऱ्या प्रवाशास त्या अडचणींची कल्पना येणें कठीण आहे. पहिली अडचण घड्याळाची. १८७० सालीं युरोपास एकच काळ नव्हता. प्रशियांत बर्लिनचें घड्याळ, बव्हेरियांत म्युनिकचें, इटलींत रोमचें. कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठावर पांच राज्यांच्या सीमा येत, आणि तेथें पांच निराळ्या वेळा चालत असत, हें तर प्रसिद्धच आहे. सर्व जर्मनीस एक वेळ लागू झाली १ एप्रिल १८९३ पासून. आपल्याकडेही ह्याहून फारसें वेगळें नव्हतें. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ सालीं आली आणि त्यानंतरही मुंबईनें आपला निराळा काळ कित्येक वर्षें सोडला नाहीं.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. प्रत्येक कंपनीचें पत्रक निराळें. एका गाडीस दुसरी गाडी मिळेल कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें जुळवून पाहावें. हें काम टॉमस कुक ह्या इंग्रज गृहस्थाच्या पेढीनें सोपें केलें. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या ह्या सुतारानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें पांचशें लोकांना माणशीं एका शिलिंगांत सभेस नेलें, तेथून आधुनिक सहलींचा इतिहास सुरू होतो. १८५५ सालीं त्यानें पहिली मंडळी युरोपखंडांत नेली. ती गेली बेल्जियम, कलोन, ऱ्हाईन नदी व हायडेलबर्ग ह्या मार्गानें पॅरिसच्या प्रदर्शनास. अनेक शहरें, एक तिकीट आणि ठरलेले दिवस, ही आजच्या सहलीची घडी तेव्हांच बसली. मात्र सर्व युरोपच्या गाड्यांचें एकत्र वेळापत्रक कुकनें काढलें तें १८७३ सालीं. राजाराममहाराजांना तें मिळण्याजोगें नव्हतें. पुढें हें पुस्तक एकशें चाळीस वर्षें त्या पेढीच्या नांवानें निघत राहिलें. २०१३ सालीं तिनें तें बंद केल्यावर त्याच्या माजी संपादकांनीं तें दुसऱ्या नांवानें चालू ठेवलें, आणि मूळ इंग्रजी कंपनी मात्र २०१९ सालीं बुडाली.

मोठें तिसरें संकट म्हणजे गाडी बदलण्याचें. ह्या बाबतींत मराठवाड्याच्या प्रवाशास कोणी शिकविण्याची गरज नव्हती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यांतून हैदराबाद-मनमाड हा मार्ग झाला, आणि जालना त्यावर आलें. परंतु तो मार्ग एक मीटर रुंदीचा, आणि मुंबईकडे जाणारा साडेपांच फुटी. त्यामुळें जालन्याहून निघालेला प्रत्येक माणूस मनमाडास उतरे, वळकट्या-ट्रंका हमालाच्या डोक्यावर देई आणि दुसऱ्या फलाटाकडे धांव घेई. १९९० नंतरच्या दशकांत हा मार्ग रुंद होईपर्यंत पिढ्यान् पिढ्या हें चाललें. युरोपांतही असें मनमाड आहे. स्पेनचे जुने रूळ १,६६८ मिलिमीटर रुंदीचे, तर फ्रान्सचे १,४३५. त्यामुळें सरहद्दीवरील ईरून व पोर्ट बू येथें हीच धांदल वर्षानुवर्षें चालत आली. शहरें पाहण्यांत माणूस दमत नाहीं तितका ह्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळांत दमतो. बेत आंखतांना मात्र तो वेळ कोणी धरीत नाहीं.

राजाराममहाराज वाटेंत संधिवातानें आजारी पडले. इन्सब्रुकला दुखणें बळावलें. तशाच स्थितींत त्यांना ब्रेनर ओलांडून इटलींत आणण्यांत आलें. फ्लॉरेन्स ही तेव्हां इटलीची राजधानी होती. दोनच महिन्यांपूर्वीं इटलीच्या फौजांनीं रोम घेतलें होतें, पण दरबार अजून हललेला नव्हता. तेथेंच ३० नोव्हेंबर १८७० रोजीं महाराजांचा अंत झाला. बोटीचें बंदर अद्याप दूर होतें, कोल्हापूर तर त्याहून किती दूर!

पुढचा प्रश्न कोणत्याही वेळापत्रकांत नव्हता. त्या काळीं इटलींत प्रेत जाळण्याची चाल नव्हती. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेनें खास परवानगी दिली, हें त्या शहरास भूषणावह आहे. हिंदूंना संगम पवित्र, म्हणून कॅशिने नांवाच्या विस्तीर्ण बागेच्या पश्चिम टोंकास, जेथें मुन्योने नदी आर्नोस मिळते, ती जागा निवडण्यांत आली, आणि तेथें चितेस अग्नि देण्यांत आला. १८७४ सालीं त्याच जागीं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट ह्यांचा; कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची कल्पनाही पुढें ह्यांनींच रेखाटली. आंतील अर्धपुतळा फुलर ह्या शिल्पकाराचा. फेटा बांधलेला, रंगविलेला, तरुण चेहऱ्याचा हा पुतळा फ्लॉरेन्सकरांस इतका ओळखीचा झाला कीं, जवळच आर्नोवर बांधून १९७८ सालीं खुला झालेला पूलही 'भारतीयाचा पूल' ह्याच अर्थाच्या नांवानें ओळखला जातो.

बेत मोडण्याचा अनुभव कोल्हापूरच्या गादीस पुन्हां आला, पण ह्या वेळीं इतका निष्ठुरपणें नव्हे. १९०२ सालीं शाहूमहाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस गेले. समारंभ २६ जूनला ठरला होता. बादशहास अपेंडिसायटिस होऊन शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो ९ ऑगस्टपर्यंत पुढें ढकलला गेला. जगभरचे राजेरजवाडे लंडनांत वाट पाहत बसले. शाहूमहाराजांचा नोकऱ्यांतील पन्नास टक्के राखीव जागांचा सुप्रसिद्ध हुकूम ते असे दूरदेशीं असतांनाच, २६ जुलै १९०२ रोजीं, निघाला.

आजच्या कुटुंबानें राजाराममहाराजांचीच वाट धरावयाची ठरविली, तर काय दिसतें? ब्रसेल्सहून कलोन सुमारें दोन तासांवर आहे. कलोनला मुक्काम करण्याचें कारण नाहीं: तेथील प्रचंड देऊळ स्टेशनाच्या दारांतच उभें आहे. सामान स्टेशनावरील कपाटांत कुलूपबंद करून तीन-चार तासांत तें पाहून पुढची गाडी धरतां येते. १८७० सालीं ह्या देवळाचे मनोरे अपुरे होते; ते पुरे झाले १८८० सालीं. कलोनहून म्युनिक साडेचार-पांच तास, म्युनिकहून इन्सब्रुक दोन तासांच्या आंत, आणि तेथून ब्रेनरवरून वेरोना किंवा बोलोन्या येथें गाडी बदलून फ्लॉरेन्स पांच-सहा तास. खिंडीखालून पंचावन्न किलोमीटरचा बोगदा खणण्याचें काम चालू आहे. तो होईपर्यंत प्रवासी जुन्याच चढणीनें जातो, आणि खिडकींत बसणाऱ्यास हें भाग्यच वाटावें.

गाड्या अशा वेगवान झाल्या म्हणून शहरांची संख्या वाढवावी, हा मोह आवरला पाहिजे. दहा दिवसांत दहा शहरांच्या जाहिराती पुष्कळ असतात. त्यांतून पाहावयास मिळतात ते मुख्यतः हॉटेलांचे दरवाजे. नऊ रात्री असतील तर ब्रसेल्स दोन, म्युनिक दोन, इन्सब्रुक दोन आणि फ्लॉरेन्स तीन, ही वांटणी माणसास झेपणारी आहे. इन्सब्रुकची दुसरी रात्र कोणी चैन समजूं नये. वडील माणसें बरोबर असतां मध्यें एक दिवस कोठेंही न जाण्याचा असावा. महाराजांच्या प्रवासांत नेमकें इन्सब्रुकलाच थांबण्याची गरज होती.

रात्रींची ही वांटणी आधीं पक्की करण्यास दुसरेंही कारण आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीं पश्चिम युरोपांत बहुधा पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. युद्धानें तो काळ संपविला. पुढें १९८५ सालीं शेंगेन येथें करार झाला आणि १९९५ पासून त्यांत सामील देशांच्या आपसांतील सरहद्दींवरील तपासणी उठूं लागली. वरील चारही देश त्यांत आहेत. एकच व्हिसा पुरतो. परंतु अर्ज करावयाचा तो जेथें मुक्काम सर्वांत अधिक, त्या देशाकडे. मुक्काम सारखे असतील तर जेथें प्रथम उतरावयाचें त्याकडे. वरच्या वांटणींत तो देश इटली होतो. फ्लॉरेन्सची एक रात्र कमी करून ब्रसेल्सला घातली, तर अर्जाचें दारच बदलतें. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपूर्वीं करतां येत नाहीं आणि पंधरा दिवसांहून उशीरही चालत नाहीं. बोटांचे ठसे देण्यास भोकरदन तालुक्याच्या माणसास मुंबई किंवा पुणें गांठावें लागतें. लंडन त्याच फेरींत पाहावयाचें असेल तर ब्रिटनचा व्हिसा निराळा.

तिकिटांचेंही असेंच. युरोपाबाहेरील लोकांसाठीं १९५९ सालीं युरेल पास निघाला, आणि तो हातीं असला म्हणजे कोणत्याही गाडींत पाय ठेवावा, अशी समजूत पुष्कळांची असते. जर्मनींतील बहुतेक गाड्यांत ती खरी आहे. परंतु फ्रान्स व इटलींतील जलद गाड्यांत पासावरही जागा आधीं राखून तिचे निराळे पैसे भरावे लागतात. चार-पांचच प्रवास असतील तर दोन-तीन महिने आधीं सुटीं तिकिटें काढणें पुष्कळदां स्वस्त पडतें. मात्र अशीं स्वस्त तिकिटें एकाच गाडीस बांधलेलीं असतात, ती चुकली कीं पैसे गेले.

जालना-जळगांव ह्या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गास २०२४ सालीं केंद्र सरकारनें मंजुरी दिली. तो भोकरदनवरून जावयाचा आहे. तो होईल तेव्हां पिंपळगांव रेणुकाईच्या माणसाचा जालन्यापर्यंतचा मोटारीचा प्रवास आंखडेल. फ्लॉरेन्सला तर आजही स्टेशनापासून कॅशिने बागेच्या तोंडाशीं ट्रॅम जाते. तेथें उतरून नदी डाव्या हातास ठेवीत सावलींतून पश्चिमेस चालत राहिलें, कीं बागेच्या शेवटीं, दोन पाण्यांच्या मिळणीवर, ती छत्री दिसते.