टॉप कोटचा इतिहास: लाख, मोटारीचा रंग आणि दातांचा डॉक्टर

नालासोपारा पूर्वेच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. घरातल्याच एका खोलीत त्या नेल एक्स्टेन्शनचं काम करतात. प्रश्न सरळ होता. लग्नसराई तोंडावर आहे, नवरीची नखं दोन-तीन आठवडे चकचकीत राहिली पाहिजेत, तर टॉप कोट कुठला घेऊ?

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बी.टेक. केलं, रोज विरार लोकलने जातो-येतो आणि उरलेल्या वेळात इतिहास वाचतो. ब्रँडचं नाव सुचवणं माझं काम नाही. पण टॉप कोट ही वस्तू आली कुठून हे शोधायला बसलो, आणि बाटलीवरचं लेबल वाचायची माझी पद्धतच बदलली. म्हणून आजचा भाग.

सुरुवात आपल्याकडूनच करू. कुठल्याही वस्तूवर वरून चढवायचा चमकदार थर म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव लाखेचं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणारा एक बारीक किडा ती तयार करतो. सावंतवाडीच्या गंजिफा पाहिल्यात का? हाताने रंगवलेले गोल पत्ते. त्यांच्यावर रंगकाम झालं की लाखेचा लेप देतात, म्हणजे हाताच्या घामाने रंग जात नाही. हा टॉप कोटच की! जुन्या लाकडी कपाटावरचं पॉलिशही तेच. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्याने चोळायची, स्पिरिट उडून गेलं की चमक मागे राहते.

या पॉलिशची गोम लक्षात ठेवा. जे विरघळवून लावलंय ते पुन्हा विरघळतंच. अशा टेबलावर दारू सांडली तर डाग पडतो, तो याच कारणाने.

नेलपॉलिशही सुरुवातीला याच तत्त्वावर चालत होतं. लाखेच्या जागी नायट्रोसेल्युलोज आलं, एवढाच फरक. नायट्रोसेल्युलोज म्हणजे नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया केलेला कापूस. त्याचाच एक प्रकार बंदुकीच्या दारूत वापरायचे. पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने १९२३ च्या सुमारास यापासून 'ड्यूको' नावाचा मोटारीचा रंग काढला. आधी एक गाडी रंगवून वाळवायला आठवडे लागायचे, ते काम फार थोड्या वेळात व्हायला लागलं. तीच रसायनं छोट्या बाटलीत भरून नखांवर आली. १९३२ साली रेव्हलॉन कंपनी सुरू झाली ती नेलपॉलिश विकायलाच. आपल्याकडे १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली. नाव एका फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या नावामागे आपली लक्ष्मी! पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे, आज नको.

या बाटलीतलं रसायनाचं काम कारखान्यातच संपलेलं असतं. आपण लावतो तेव्हा त्यातलं द्रावण फक्त उडून जातं. म्हणून ते सहज निघतं, आणि भांडी घासली, कणीक मळली की चार दिवसांत टवके उडतात.

आता गोष्ट वळते, आणि वळवतो एक दातांचा डॉक्टर. १९५४ साली फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन डेंटिस्टचं कामात नख तुटलं. समोर होतं दातांसाठीचं ॲक्रिलिक. त्याने तेच वापरून नख बनवलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याचा धंदा झाला.

पाहायला गेलं तर साधा जुगाड. पण इथे तत्त्वच बदललं. ॲक्रिलिकची पावडर आणि लिक्विड मिसळलं की बोटावर *रासायनिक प्रक्रिया* सुरू होते. छोटे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक प्लास्टिक तयार होतं. म्हणजे कारखान्यातलं शेवटचं काम आता गिऱ्हाईकाच्या नखावर होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर बिल्ड.

याचे चटकेही बसले. सुरुवातीला त्यात मिथाइल मेथाक्रिलेट हे रसायन वापरायचे. स्वस्त आणि भलतंच कडक. नख कुठे अडकलं तर ॲक्रिलिक तुटायचं नाही, खालचं खरं नखच उपटून यायचं. त्वचेच्या तक्रारी वेगळ्या. अमेरिकेत १९७० च्या दशकात सरकारी यंत्रणा कोर्टात गेली आणि ते रसायन नखांच्या उत्पादनांतून मागे हटलं. टिकाऊ म्हणजे जितकं कडक तितकं चांगलं, ही समजूत तिथेच खोटी ठरायला हवी होती. पण बाजारात ती अजून जिवंत आहे.

दातांचं आणि नखांचं नातं मात्र सुटलं नाही. ओपीआय या ब्रँडचं मूळ नाव ओडोंटोरियम प्रॉडक्ट्स. ही दातांच्या सामानाची कंपनी होती, १९८१ मध्ये तिने नखांकडे मोर्चा वळवला. प्रकाशाने घट्ट होणारी दातांची फिलिंग आधी आली, मग जेल नखं आली. २०१० मध्ये सीएनडीने 'शेलॅक' आणलं. शेलॅक म्हणजे इंग्रजीत लाख, पण या बाटलीत लाख नाही. नाव तेवढं आपल्या पळसावरून गेलंय.

आजचा चकचकीत टॉप कोट याच घराण्यातला. लॅम्पखाली धरला की त्यातला एक घटक प्रकाश शोषतो आणि साखळी सुरू करतो. बहुतेक लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात. लॅम्प आणि जेल जुळले नाहीत, थर जाड दिला किंवा वेळ कमी दिला, तर वरून काच आणि आत अर्धं कच्चं. असा कच्चा थर हळदीच्या दिवशी पिवळा पडतो, कारण हळदीचा रंग त्यात सहज शिरतो. लोक म्हणतात टॉप कोट खराब. अनेकदा दोष लॅम्पचा असतो.

पिवळेपणा परवडला. कच्चं ॲक्रिलेट पुन्हा पुन्हा त्वचेला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि ती साधारण जन्मभर राहते. तीच रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधे बदलताना वापरायच्या सिमेंटमध्येही असतात. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ मध्ये हा इशारा दिला होता. युरोपने हेमा नावाचा घटक असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांपुरती ठेवली. टीपीओ या घटकावर तर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत बंदीच आहे.

नवरी पंधरवड्यातून एकदा येते. ताई रोज पाच-सहा जणींची नखं करतात. आपल्याच जिल्ह्यात तारापूर एमआयडीसीत असंच रसायन हाताळणाऱ्या माणसाला हातमोजे लागतात, हवा खेळती लागते. त्याच प्रक्रियेचा शेवटचा टप्पा नालासोपाऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत होतो, तिथे टेबल फॅन असतो आणि खिडकी शेजारच्या भिंतीला लागलेली असते. त्या बाईला कुणी केमिकल कामगार म्हणत नाही. मला विचाराल तर ती आहे.

तर ताई, घ्यायचं काय? लेबलवर घटकांची पूर्ण यादी छापलेली नसेल तर ती बाटली ठेवून द्या, कितीही चमकत असू दे. हेमा आणि टीपीओ नसलेला बघा. पण हेमा नाही म्हणजे ॲलर्जी होणारच नाही असं नाही, भाऊबंद बरेच आहेत. बेस, रंग आणि टॉप कोट शक्यतो एकाच कंपनीचे घ्या आणि त्यांनी सांगितलेलाच लॅम्प वापरा, कारण त्यांची जुळणी करून पाहिलेली असते. लांब एक्स्टेन्शनवर जरा लवचिक टॉप कोट बरा. अगदी कडक थराला टोकाशी चीर जाते. पातळ थर द्या आणि नखाच्या टोकाची कडही झाका, पाणी तिथूनच शिरतं. नो-वाइप प्रकारात शेवटी चिकट थर पुसावा लागत नाही, म्हणजे कच्च्या जेलशी हाताचा संबंध तेवढा कमी.

काढायचं कसं हेही आधीच विचारून घ्या. सोक-ऑफ असेल तर ॲसिटोनने मऊ होतो. हार्ड जेल असेल तर फाइलच करावा लागतो, आणि ती सगळी धूळ तुमच्याच नाकात जाते, म्हणून मास्क आणि धूळ ओढणारा पंखा. हातमोजे नायट्राइलचे घाला, पण एकच जोडी दिवसभर नको. ही रसायनं पातळ मोज्यातून काही मिनिटांत आरपार जातात. मोज्याला जेल लागलं की लगेच बदला.