पडदा एकीकडे, प्रोग्रॅम दुसरीकडे

लिनक्स संगणकावर ओरॅकलचा डेटाबेस बसवायला घेतला, की काही मिनिटांतच एक चमत्कारिक संदेश समोर येण्याचा संभव असतो. 'डिस्प्ले' या चलाची किंमत ':०.०' धरून एक्स११ विंडो सर्व्हरशी संपर्क साधता येत नाही, अशा अर्थाचा तो संदेश असतो. वाचणारा बुचकळ्यात पडतो. पडदा तर डोळ्यांसमोर आहे, त्याच पडद्यावर हा संदेश वाचता येतो आहे, मग संपर्क होत नाही तो कोणाशी? आणि सर्व्हर म्हणजे तो दूरच्या खोलीतला मोठा संगणक ना? तो तर व्यवस्थित चालू आहे!

हा दोष डेटाबेसचा नाही, लिनक्सचाही नाही. त्याचे मूळ शोधायला १९८४ सालात आणि अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात जावे लागते.

मे १९८३ मध्ये एमआयटीने 'प्रोजेक्ट अथीना' नावाचा उपक्रम सुरू केला. विद्यापीठाच्या परिसरात जागोजागी संगणक ठेवायचे आणि विद्यार्थ्याला कोणत्याही संगणकावर बसून आपले काम करता यावे, अशी कल्पना होती. डीईसी आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी यंत्रे आणि पैसा पुरवला. अडचण अशी, की दोघींची यंत्रे वेगळी. एका यंत्राच्या पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना. प्रत्येक यंत्रासाठी प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने लिहायचा, तर उपक्रम कधीच पुरा झाला नसता.

त्याच विद्यापीठाच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत बॉब शाइफ्लर हे आपल्या एका संशोधन प्रकल्पासाठी पडद्यावर खिडक्या उघडणारी प्रणाली शोधत होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी 'डब्ल्यू' नावाची अशी प्रणाली तयार केलेली होती. तीत प्रोग्रॅम पडद्याला एक सूचना पाठवी आणि उत्तर येईपर्यंत थांबून राही. शाइफ्लरनी डब्ल्यूमधील बरेचसे लेखन उचलले. पण उत्तराची वाट न पाहता सूचना एकामागून एक पाठवत राहण्याची पद्धत स्वीकारली. वेग जवळपास दुप्पट झाला. जून १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांना ही बातमी कळवली. इंग्रजी मुळाक्षरांत डब्ल्यूच्या पुढचे अक्षर एक्स, म्हणून प्रणालीचे नाव एक्स! अथीनामध्ये काम करणारे डीईसीचे जिम गेटिस त्यांना येऊन मिळाले आणि अथीनाला आपली वाट सापडली.

एक्सची मुख्य कल्पना वर्गातल्या उदाहरणाने समजेल. समजा, वर्गात एक फळा आहे आणि फळ्याजवळ एक मुलगा खडू घेऊन उभा आहे. मास्तर वर्गात नाहीत. ते शेजारच्या खोलीत, कदाचित दुसऱ्या गावातही आहेत. 'डाव्या कोपऱ्यात एक चौकोन काढ', 'त्यात अमुक अक्षरे लिही' अशा चिठ्ठ्या ते पाठवतात आणि मुलगा तसे करतो. फळा कोणत्या लाकडाचा, खडू कोणत्या कंपनीचा, याच्याशी मास्तरांना कर्तव्य नाही. एकाच फळ्यावर तीन मास्तर वेगवेगळ्या कोपऱ्यांत काम करून घेऊ शकतात. वर्गातल्या कोणी काही विचारले, तर तोही प्रश्न हा मुलगाच चिठ्ठीवर लिहून ज्या त्या मास्तरांना कळवतो.

यातला सेवा देणारा कोण? फळ्याजवळचा मुलगा. म्हणून एक्सच्या भाषेत 'सर्व्हर' म्हणजे आपल्या टेबलावरचा पडदा, कळफलक आणि माऊस सांभाळणारा प्रोग्रॅम. दूरच्या मोठ्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम हा त्याचा ग्राहक. रोजच्या बोलण्यातील अर्थाच्या हे नेमके उलट आहे. व्याख्या म्हणून ती बिनचूक आहे, पण तिने जितक्या लोकांना चकवले तितके संगणकातल्या दुसऱ्या शब्दाने क्वचितच चकवले असेल.

चिठ्ठी पाठवायची तर वर्गाचा पत्ता हवा. तो पत्ता म्हणजे 'डिस्प्ले' हे चल. कोलनच्या डावीकडे यंत्राचे नाव, उजवीकडे त्या यंत्रावरील कितवा एक्स सर्व्हर तो आकडा, आणि टिंबानंतर कितवा पडदा. मोजणी शून्यापासून. डावीकडची जागा रिकामी असेल, तर अर्थ होतो 'याच यंत्रावरचा'. पण 'याच' म्हणजे कोणत्या? जिथे प्रोग्रॅम चालू आहे त्या. जिथे माणूस बसला आहे त्या नव्हे. डेटाबेसचे यंत्र बहुधा कुलूपबंद खोलीत, पडद्याविना उभे असते. तिथे ':०.०' लिहिणे म्हणजे ज्या खोलीत फळाच नाही, तिथे चिठ्ठी धाडणे होय.

सप्टेंबर १९८७ मध्ये एक्सची अकरावी आवृत्ती आली आणि संदेशांची भाषा पक्की झाली. संदेशातले '११' ते हेच. १९९१ मध्ये लिनक्स जन्मले, १९९२ मध्ये साध्या पीसीसाठी 'एक्सफ्री८६' हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. १९९८ मध्ये ओरॅकलने आपला डेटाबेस लिनक्सवर आणला आणि पुढच्या वर्षीच्या ८आय आवृत्तीबरोबर जावा भाषेत लिहिलेला, खिडक्या उघडणारा स्थापना-प्रोग्रॅम आला. लिनक्सवर जावाला खिडकी काढायची तर एक्सकडेच जावे लागे. अशा रीतीने स्वतः कसलेही चित्र न काढणारा डेटाबेस बसवण्याच्या दिवसापुरता अथीनाच्या वारशावर अवलंबून राहिला. पडद्यावर किमान २५६ रंग दिसतात की नाही, हे तपासण्याची अटही ओरॅकलच्या या प्रोग्रॅमने वर्षानुवर्षे बाळगली. त्यासाठी तो 'एक्सडीपीवायइन्फो' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून पाही आणि तो यंत्रावर नसला तरी अडून बसे.

आता परवानगीचा प्रश्न. पत्ता बरोबर असला तरी कोणाच्याही चिठ्ठ्या स्वीकाराव्यात का? सुरुवातीला एक्समध्ये यंत्रांची यादी असे. यादीतल्या यंत्रावरून कोणीही यावे. विद्यापीठातल्या मोकळ्या वातावरणाला ते शोभत होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला 'कृमी' इंटरनेटवरील हजारो यंत्रांत शिरला. त्याचा एक्सशी संबंध नव्हता, पण जाळ्यातला शेजारी भला असतोच असे नाही, हे त्याने सर्वांना दाखवले. १९८९ च्या अखेरीस आलेल्या एक्स११ च्या चौथ्या सुधारित आवृत्तीत गुप्त खुणेची सोय झाली. एमआयटीकरांनी तिला 'मॅजिक कुकी' असे गमतीदार नाव दिले. ही १२८ बिटांची संख्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाईलमध्ये राहते आणि ती दाखवील त्यालाच फळा मिळतो.

इथेच ओरॅकल बसवणारे पुन्हा अडतात. डेटाबेससाठी 'ओरॅकल' नावाचा वेगळा वापरकर्ता करण्याची रीत आहे. माणूस आपल्या नावाने किंवा 'रूट' म्हणून आत येतो आणि मग 'एसयू' आज्ञेने ओरॅकल बनतो. आज्ञेपुढे उणे चिन्ह दिले, तर 'डिस्प्ले' चल पुसले जाते. न दिले तर पत्ता टिकतो, पण खूण पहिल्या वापरकर्त्याच्या फाईलमध्येच राहते. मग 'नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड' असा संदेश येतो. प्रोटोकॉलचा इथे प्रश्नच नसतो. दारावर ओळख पटलेली नसते, इतकेच.

यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'एक्सहोस्ट' आणि पुढे अधिक चिन्ह. काम होते, म्हणून तो वर्षानुवर्षे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत गेला. माझ्या मते तो विद्यार्थ्यांना शिकवूच नये. या आज्ञेने पडदा साऱ्या जगाला खुला होतो. एक्समध्ये आत आलेल्याला सगळेच खुले असते: दुसऱ्याच्या खिडकीतील चित्र टिपता येते, दाबलेल्या कळाही वाचता येतात. आणि ओरॅकलचा स्थापना-प्रोग्रॅम नेमके काय विचारतो? 'सिस' या सर्वाधिकारी खात्याचा परवलीचा शब्द!

योग्य उपाय १९९५ मध्ये फिनलंडमधून आला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून जाणारे परवलीचे शब्द चोरीला गेल्यावर तातू युलोनेन यांनी 'एसएसएच' लिहिले. ते दूरच्या यंत्रावर एक बनावट फळा उभा करते, त्याच्यासाठी वेगळी खूण घालते आणि आलेल्या चिठ्ठ्या सांकेतिक लिपीत खऱ्या पडद्याकडे पाठवते. म्हणून अशा वेळी 'डिस्प्ले' चलात 'लोकलहोस्ट:१०.०' असे दिसते. दहापासून मोजणी अशासाठी, की खऱ्या पडद्यांच्या क्रमांकांशी टक्कर होऊ नये. हे चल हाताने बदलायचे नसते. मधे 'एसयू' न करता थेट ओरॅकल या नावानेच एसएसएचने आत यावे, दूरच्या यंत्रावर 'एक्सऑथ' हा प्रोग्रॅम असल्याची खात्री करावी, म्हणजे बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. खिडकी बाजूला ठेवून जाळ्यावरून थेट एक्सशी बोलणे तर आता जवळजवळ बंदच आहे; २०१५ पासून एक्स.ऑर्गचा सर्व्हर मुळातच तसे संदेश ऐकत नाही.

खिडकीवाचूनही भागते. ओरॅकलच्या प्रोग्रॅमला सर्व उत्तरे एका फाईलमध्ये आधीच लिहून देता येतात. मग तो पडदा मागत नाही. २०१८ च्या १८सी आवृत्तीपासून साध्या लिनक्स पॅकेजाप्रमाणेही हा डेटाबेस बसवता येतो. इकडे टेबलावरच्या पडद्यावर २००८ मध्ये क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी सुरू केलेले 'वेलँड' एक्सची जागा घेत आहे. त्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा वाचू शकत नाही. मात्र जुन्या प्रोग्रॅमांसाठी वेलँडच्या पोटात 'एक्सवेलँड' नावाचा एक एक्स सर्व्हर ठेवलेला असतो आणि ते प्रोग्रॅम आजही 'डिस्प्ले' चलातूनच त्याचा पत्ता विचारतात.